तिसऱ्या

उर्वीचं तोंड मिटलेलं.
कालही असंच. परवा तर
मी चमच्याचं विमान केलं, मग होडी,
मग आवाज चढवला, आणि लाल माठाची भाजी
भिंतीवर गेली. डाग आहे अजून.

आज सुलभावहिनीने खाडीतल्या तिसऱ्या आणून दिल्या.
परातीत मिठाच्या पाण्यात सोडल्या.
उर्वी एकेक उचलून नखाने उघडू बघते.
"बाबा, उघडनत नाय."
"ओढून नाय उघडत. सोड तेंका. गप बस जरा."

बसलो दोघं.
जेटीवर बर्फाच्या गाडीचा भोंगा वाजला.
मग एक शिंपला किंचित फाकला,
पांढरी जीभ बाहेर आली,
पाणी चाखून आत गेली.

जेवताना मी काही बोललो नाही.
तिच्या ताटात भात, कुळथाची पिठी, माठ,
काटे काढलेला बांगड्याचा तुकडा.
मी माझी भाकरी मोडत राहिलो,
नजर मुद्दाम आचऱ्याच्या खाडीकडे.

कडेने दिसलं:
गुलाबी झालेलं एक बोट तोंडात गेलं.

बांगडा मांजराला मिळाला.
माठ दोन घास.
भात मात्र स्वतःहून मागितला तिने,
आणि भिंतीवरच्या डागाकडे बघून
हसली.