तिळाएवढी मांडी

कुओपिओ. नोव्हेंबर. दुपारी तीनलाच दिवे.
तेर्त्तू पुर्मोनेन, वय एकसष्ट,
सव्वीस वर्षं रात्रीची बस.
डॉक्टरनं मांडीत सुई घालून
तिळाएवढा तुकडा काढला,
तर म्हणते कशी, "एवढंच? खाटीक तरी वजन करून देतो."

मी स्लाइड लावणारी.
पडद्यावर करडे तंतू, आणि मधे मधे
त्या:
फुगलेल्या, आतल्या घड्या विस्कटलेल्या,
घाईत कपाटात कोंबलेल्या चादरींसारख्या.
"या चुली," मी म्हटलं, "पेशीपेशीत असतात."
"मग नुसता धूरच दिसतोय," ती म्हणाली.

अहवालात येत नाही
पहाटे साडेचारचा डेपो, गार सॉसेज, तिसरी कॉफी,
जाड पडद्याआडची दिवसाची झोप
आणि खिडकीखाली खेळणारी पोरं.
शरीर विचारायचं, ही रात्र आहे का?
ती म्हणायची, गप बैस.
ते बसलं.

दोष कुणाला देऊ? शेवटची बस
कुणीतरी चालवायचीच असते.
तिच्यात नर्सा असतात, झिंगलेले असतात,
आणि इस्पितळातून एकटाच परतणारा कुणी.

"या फक्त आईकडून येतात," मी सांगितलं.
तेर्त्तूनं चष्मा काढला.
आई, लेम्पी: स्कीवरून सात किलोमीटर दूध पोचवणारी,
चौऱ्याऐंशीव्या वर्षीही
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून आत उतरणारी.
"तिच्या या? आणि मी अशा केल्या?"

तिला कसं सांगू, मायटोकॉन्ड्रिया म्हणताना
ग्रीकांना दोरा दिसला, दाणा दिसला,
मला मात्र तोंड उघडताच
माय ऐकू येते.

"मला एकच मुलगा," ती म्हणाली.
"तो पुढे देणार नाही?"
"नाही."
"म्हणजे विझेपर्यंत माझ्याच."
आणि कोट चढवून, दोन थांबे आधीच उतरायचं ठरवून गेली.

मार्च. दुसरी सुई.
बारातले सात आठवडे चालली.
पाच नाही: आधी गुडघा, मग निव्वळ कंटाळा.
तिनंच सांगितलं, न विचारता.
काही घड्या सरळ दिसतात,
की माझेच डोळे मऊ झालेत?
डॉक्टर म्हणतात, आधी मोजू द्या.

तेर्त्तूला मोजणीशी देणंघेणं नाही.
मांडीवरची पट्टी दाबत, लंगडत
ती माझ्या खुर्चीमागे येते.
"सरक जरा," म्हणते,
"आई कशी आहे, बघू दे."