चाकूचा दाता

आधी चाकू धरायला शीक, पोरा,
राज्य नंतर कळेल.
बर्च नको, त्याची साल सुटते.
हेझलची काठी घे, वीतभर.
करंगळीएवढी खाच म्हणजे मिठाचं एक पिंप,
अंगठ्याएवढी म्हणजे वीस.
तळहाताएवढी मी आयुष्यात दोनदाच पाडली,
दोन्ही वेळा रात्री झोप लागली नाही.
मग काठी उभी चीर.
एक चिरफळी देणेकऱ्याची, एक घेणेकऱ्याची.
दोन्ही एकाच घरात सापडल्या
तर त्या घराचं दार आम्ही उतरवून नेतो.
हिवाळा असला तरी.

होल्मवारला सात धक्के.
दर धक्क्याला एक म्होरक्या,
बर्फ फुटलं की निवडतात:
ज्याचं गलबत सगळ्यात शेवटी बाहेर पडतं, तो.
उतावळ्यांना आम्ही दारू पाजतो,
किल्ल्या देत नाही.
सहाव्या धक्क्याला सध्या म्होरक्या नाही.
का, ते माझ्या बायकोला विचार,
तिचा बाप होता.

राजा? आहे ना.
तो बघ, मेणाच्या वखारीमागे
लोकरी टोपीतला, कुत्र्याची समजूत घालतोय.
स्टिर्कार त्याचं नाव.
त्याला गलबत ठेवता येत नाही,
नाण्याला बोट लावता येत नाही.
जाळ्यातल्या विसांतला एक मासा त्याचा,
तोही दुसऱ्याने निवडलेला.
काम एकच: दोघं भांडले
की एक रात्र देणेकऱ्याकडे झोपायचं,
एक रात्र घेणेकऱ्याकडे,
आणि तिसऱ्या सकाळी धक्क्यावर उभं राहून सांगायचं
कुणाकडची लापशी कशी होती.
हसू नकोस.
आमचे निम्मे निकाल लापशीत लागतात.

तर ऐक. कापत कापत ऐक.
नऊ वर्षांमागे केतिल बुडाला, करड्या सुळक्यांपाशी.
समुद्राने नेलेली चिरफळी समुद्राची,
कर्ज तिथेच मिटतं, हा कायदा.
पण केतिल वाळूवर आला, आणि गळ्यात दोरी,
दोरीला चिरफळी.
त्याची बायको आय्वोर. ती चुलीत घालती
तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.
ती घेऊन आली. ओलीच होती अजून.
अंगठ्याच्या दोन खाचा. चाळीस पिंपं.

तिसऱ्या धक्क्याच्या आस्लाकने आपली शेजारी ठेवली.
तीन खाचा.

सगळे गप्प. वर समुद्रपक्षी तेवढे ओरडत होते.
आय्वोर म्हणाली, लाकूड पाण्यात फुगतं खरं,
पण खाच गिळत नाही.

राजा दोन घरी झोपला.
आय्वोरकडे लापशी पाण्याची,
आस्लाककडे मधाची, जशी असायची तशी.
निकाल लागेना.
मग स्टिर्कारने दोन्ही तुकडे उजेडात धरले.
तिन्ही खाचांच्या तळाशी एक बारीक रेघ,
केसासारखी.
माझ्या चाकूच्या पात्याला एक दाता पडलाय,
सगळं बंदर ओळखतं.

तिसऱ्या रात्री राजा माझ्याकडे आला.
बायकोने त्याला वाढलं, पाहुणा म्हणून,
घरात होतं ते सगळं.
सकाळी तो धक्क्यावर उभा राहिला,
माझ्याकडे बघितलंच नाही.
एवढंच म्हणाला, खाचकऱ्याकडे लापशीत लोणी होतं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
सहा पिंपं होती. आस्लाकची.
मी जागलो.

आस्लाकचं दार गेलं, माझं नाही.
लाच घेणाऱ्याला आम्ही थंडीत बसवत नाही,
शिकवायला बसवतो.
तेव्हापासून चाकू माझ्या हातात नाही,
तू आठवा पोरगा.
आय्वोर दर वसंतात चार पिंपं आणते,
मला नमस्कार करते. तेवढं नसतं केलं तर बरं.

आता काप. खोल नको.
आणि ते पातं घासून सरळ करायचं
मनातसुद्धा आणू नकोस.
दाखव इकडे.
रेघ पडली?