विषय क्रमांक सात

इतिवृत्त मी लिहिते. मला मत नाही, पेन आहे.
कर्लीबंदर नगरपंचायत, सर्वसाधारण सभा,
वेळ अकराची, सुरू साडेबाराला.
सतरा सदस्य, एक पंखा दुरुस्तीला गेलेला.

विषय क्रमांक सात :
नगरपंचायतीचा खुला जलतरण तलाव
कायमस्वरूपी बंद करणेबाबत.

सूचक श्री. केळुसकर. त्यांनी आकडे वाचले :
वीजबिल, क्लोरिन, फुटक्या फरश्या एकशे बारा,
फिल्टरची मोटर तीनदा कुडाळला जाऊन आलेली.
मग चष्मा काढून खिडकीकडे हात केला,
"दारात एवढा समुद्र असताना
हे विकतचं पाणी कशाला?"

हशा.
हशा इतिवृत्तात लिहायची पद्धत नाही.
खिडकीत समुद्र होता,
निमंत्रण नसताना आलेल्या माणसासारखा,
कोणाकडेच न बघणारा.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, परवानगी न घेता,
द्वारकाबाई कोयंडे उठल्या.
मासळी बाजार, गाळा नऊ. हाताला खवले तशीच.
"माझ्या घोवाक पोवाक येय नाय.
सासऱ्याकव नाय.
चाळीस वर्सां रापण वढली तेंनी.
दर्यो शिकवणा नाय, सायबा.
तो परीक्षाच घेता."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी बसायला सांगितलं.

मला माहीत होतं त्या का उठल्या ते.
दुपारी तीन ते चार, बायकांची बॅच :
द्वारकाबाई, फरझाना मुकादम, पोस्टातल्या दोघी,
आणि रजेचा अर्ज न देता मी.
लुर्डिन टीचर पाठीखाली तळहात धरायची,
"पोट वर. कान पाण्यात. मान सोड."
सेहेचाळीस वर्षं मान सोडायला
कोणी सांगितलं नव्हतं.
कान बुडाले आणि गाव बंद झालं,
रिक्षा, भोंगा, साहेबांची बेल.
वर एक घार, उलटे माड,
आणि मध्येच कळलं
की तळहात केव्हाच काढून घेतलाय तिनं.

मतदान. बाजूने आठ, विरोधात आठ.
एक सदस्य फोन घ्यायला बाहेर गेले ते बाहेरच.
नगराध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला,
ठेवला,
पुन्हा उचलून प्यायल्या.
निर्णायक मत : बंद.

संध्याकाळी नोटीस चिकटवायला मीच गेले.
खळ पातळ झाली होती, कागद घसरत होता.
लवू वॉचमननं तळाची चावी फिरवली,
आधी काहीच झालं नाही,
मग कोपऱ्यात एक भोवरा,
त्यात आंब्याची पानं, एक केसांची पिन,
कुणाची तरी निळी टोपी.
पाणी गटारात उतरलं,
तिठ्यावरून, वाण्याच्या दुकानासमोरून,
मासळी बाजाराच्या मागून.
द्वारकाबाईंनी सुरी थांबवून वास घेतला.
गटाराला कधी नव्हे तो क्लोरिनचा वास.
सात तास लागतात, लवू म्हणाला.
म्हणजे पहाटेपर्यंत सगळं समुद्रात.
केळुसकर म्हणाले होते तिथंच.

रात्री घरी इतिवृत्ताचं रजिस्टर उघडलं.
साधकबाधक चर्चेअंती बहुमताने मंजूर,
हे लिहिलं. ते लिहावंच लागतं.
त्याच्यावरची ओळ नेहमीची असते :
एका नागरिकाने हरकत नोंदवली.
ती लिहिली, आणि खोडली.
मग द्वारकाबाईंचं नाव घातलं, गाळा नंबरसकट,
आणि त्यांचं बोलणं, त्यांच्याच भाषेत,
घोवापासून परीक्षेपर्यंत,
एकही शब्द शुद्ध न करता.

पुढच्या महिन्यात, विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचत कोणी नाही.
कायम करतात.