लोखंडाला हात

तार्रागोनात आम्हाला सहा तास होते.
जहाज धक्क्याला लागलं तेव्हा न्याहारीत कलिंगड होतं,
आणि खाली तेक्ला उभी होती
मिटलेली निळी छत्री उंच धरून.
ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.
छत्री आमच्यासाठी होती, आम्ही हरवू नये म्हणून.

"पाहण्यासारखं काय काय आहे?"
आमच्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं.
ती म्हणाली, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

मग चढ. मग आणखी चढ.
तटबंदीपाशी छत्रीच्या टोकानं तिनं दाखवलं:
तळाचे हे धोंडे, म्हशीएवढाले, सगळ्यांत जुने;
त्यांवर रोमनांचे चिरे, नीट तासलेले;
त्यांवर पुढच्या कुणाकुणाची डागडुजी;
आणि पार वर ते मांजर,
ते यंदाचं.

रथांच्या शर्यतीचं मैदान शोधावं लागतं.
कमानींना पाठ लावून लोकांनी घरं उठवली,
कुणाचं स्वयंपाकघर, कुणाचं न्हाणीघर.
"घोडे इथं वळायचे," ती म्हणाली.
एका खिडकीतून लसूण तळल्याचा वास आला,
आणि दोरीवरचे चार निळे मोजे
वाऱ्यावर एकदम वळले.
"हे माझ्या मामाचं कुलपांचं दुकान.
हे पुस्तकात नाही."

प्रेक्षागार आम्ही वरूनच पाहिलं,
उतरलो असतो तर जेवण चुकलं असतं.
समुद्रासमोर मांडी घालून बसलेलं,
अर्धं खडकात कोरलेलं, अर्धं कुणी कुणी उचलून नेलेलं.
कोण कुणाला कसं मारायचं, ते तेक्ला सांगत होती,
एवढ्यात दगड आणि पाणी यांच्या मधून
बार्सिलोनाची गाडी धडधडत निघाली.
ती बोलायची थांबली.
शेवटचा डबा जाईस्तोवर
मारणाऱ्याचा हात वरच राहिला.

आणि मग तो कठडा.
खाली खोल निळं पाणी, वर आम्ही तेहतीस जण.
"याला हात लावा," तेक्ला म्हणाली,
"आमच्याकडे म्हणतात, लोखंडाला हात लावला की नशीब उजळतं."
आम्ही लावला. फोटो काढले. पुन्हा लावला,
पहिल्या फोटोत कुणीतरी डोळे मिटले होते.
एका बाईंनी नंतर बोटं पुसून घेतली.

तेव्हा तो म्हातारा आला, सपाता घालून,
आणि आमच्यातून असा पुढे झाला
जशी आम्ही कबुतरं.
कठड्यावर पालथा हात ठेवला. जरा थांबला.
मग पंजा उलटा करून पाहिला,
ताप बघून झाल्यावर बघतात तसा.

नशीब मागताय का, मी विचारलं, तेक्लाच्या तोंडून.
त्याचं उत्तर लांबलचक होतं.
ती हसली, मग हसायची थांबली, मग तिनं सांगितलं:
एर्मेंगोलआजोबा म्हणतात, नशीब तुमच्यासाठी.
मी बघतो, लोखंड दमट आहे का.
दमट असेल तर पूर्वेचा वारा येतोय,
उद्या कपडे वाळायचे नाहीत.
घरी जाऊन बायकोला सांगायचं, आज धुऊ नकोस.

"मग आज?"
आज दमट आहे, म्हणाला.
पण बायको आता रेउसला, लेकीकडे.
तिथं यंत्र आहे, कपडे आतल्या आत वाळतात.
रेउस कुठे, असं त्यानं हातानं दाखवलं,
समुद्राकडे पाठ करून. फार लांब नाही.
बसनं अर्ध्या तासावर.

छत्री वर गेली. आम्ही निघालो.
वळून पाहिलं तर तो कठड्याचा
थोडा पुढचा भाग चाचपत होता,
इथं नाही तर तिथं कोरडा असेल, अशा बेतानं.

रात्री जेवणाच्या टेबलावर
सगळ्यांनी सगळ्यांना तेच तटबंदीचे फोटो दाखवले.
मांजर कुणाच्याच फोटोत नव्हतं.

मी खोलीत येऊन एक सदरा धुतला,
खिडकीशी टांगला.
सकाळी आम्ही दुसऱ्या बंदरात होतो.
हात लावून पाहिला.
ओलाच होता.