इतर

हीरजी मेहता दर पाच तारखेला येतो.
चपला उंबऱ्याबाहेर, पावतीबुक मांडीवर,
आणि कार्बनपेपर असा हलकेच सरकवतो
जशी झोपलेल्या पोराखाली दुपटी.

भाडं एकशे चौसष्ट.
खाली अजून एक ओळ: इतर, एक्केचाळीस.

इतर म्हणजे काय हो, आईनं विचारलं.
मेहता म्हणाला, पाणी.
नळाला दुपारनंतर नुसती हवा येते.
मग म्हणाला, दिवाबत्ती.
जिन्यातला बल्ब फर्नांडिसबाई पदरमोड करून लावतात,
अख्ख्या माझगावला ठाऊक.
मग तो काहीच म्हणाला नाही. चहा प्यायला.
शेठ सांगतात, वहिनी. मी आपला लिहिणारा.

एका पाच तारखेला आईनं 'इतर' वगळून पैसे मोजले.
त्यानं पावती फाडली नाही.
मनिऑर्डर केली, ती घरी परत आली,
पाठीवर जांभळा शिक्का घेऊन: घेण्यास नकार.

धोबीतलावला लघुवाद न्यायालय.
वाद लहान आहे हे पाटीवरच कबूल.
बाकावर कुणाची मोरी, कुणाची गॅलरी,
कुणाची मेलेल्या मामाच्या नावावरची खोली.
सहा वर्षं. आमच्या घारपुरे वकिलांनी
तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले.

आईनं खिळ्यावरची तारच उचलून नेली होती,
ओवलेल्या छप्पन्न पावत्यांसकट.
जजबाईंनी एक उलटून पाहिली, दुसरी पाहिली.
हे अक्षर कुणाचं?
माझं, मेहता म्हणाला.
मग सांगा, इतर म्हणजे काय?
त्यानं शेठकडे पाहिलं. शेठ पंख्याकडे.
बाई, मला कुणी सांगितलं नाही.

तडजोड बाहेर व्हरांड्यात झाली.
रोख देणार नाही, शेठ म्हणाला, भाड्यात वळते करा.
आईचा हिशेब तोंडीच तयार होता:
चार महिन्यांचं इतर म्हणजे एक महिन्याचं घर.
छप्पन्न भागिले चार.
चौदा महिने.

आज पाच तारीख, त्यातला तिसरा महिना.
चपला उंबऱ्याबाहेर. कार्बन सरकवला.
भाडं: शून्य.
इतर:
इथं त्याचं पेन थांबलं.

आईनं कप पुढे केला.
रेघ मारा, मेहता, म्हणाली,
कोरी जागा ठेवू नये माणसानं.

त्यानं पट्टी न घेता मारली, जरा वाकडीच.
खालच्या कागदावरही ती उमटली,
शेठच्या प्रतीवर.