एकविसावी खुर्ची

डिसेंबरात डंडीला साडेतीनलाच अंधारतं.
लॉकीच्या वाचनालयामागच्या खोलीत
आम्ही तिघी पोरांच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी,
मध्ये टेबलावर एकच कागद :
शेवटचा गुरुवार. मुलं एकवीस.

शोना म्हणते, नाव काय द्यायचं?
नाताळ म्हटलं, तर मुसाबची आई काही बोलणार नाही,
फक्त त्या दिवशी त्याला सर्दी होईल.
हिवाळी मेळावा म्हटलं, तर फार्क्वारबाई म्हणतात,
ही तर नगरपालिकेची नोटीस वाटते.
नाव राहू दे, म्हटलं मी, आधी पोटाचं बघू.

जिलेटिन नको. शेंगदाण्याचं नावच नको,
एका दाण्यानं इनिसचा गळा सुजतो.
ते ओढायचे कागदी फटाकेही नकोत,
दार आपटलं तरी दानिलो अजून टेबलाखाली जातो.
आईबाबांसाठी कार्ड बनवा, हेही खोड.
ब्रॉडीचं हे यंदाचं तिसरं घर,
कार्डावर कुणाचं नाव घालायचं
ते त्यालाच अजून ठरवता येत नाहीये.

खोडून खोडून कागद काळा झाला.
शोना हसली : उरलं काय मग? सतरंजी आणि पाणी!

मला मात्र दुसरीच यादी आठवत होती.
सांगली. पाटबंधारे खात्याची कॉलनी.
संक्रांत झाली की आई मला
हळदीकुंकवाची आमंत्रणं द्यायला पाठवायची.
अकरा, बारा, तेरा. मग पंधरा.
चौदाच्या दारात सुलभाकाकू तांदूळ निवडत बसलेल्या,
काका गेल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.
कुठं निघालीस गं?
कुठं नाही, म्हणायचे मी.
आठ वर्षांची होते.
ते उत्तर मला कुणी शिकवलेलं नव्हतं.
पंक्तिप्रपंच करू नये, हे शिकवलं होतं. आईनंच.
आणि लुटायचा तिळगूळ काकूंच्याच हातचा असायचा,
तसा मऊ पाक आईला कधी साधला नाही.

आणि रूबेन, शोनानं वाचलं.
त्याच्या घरी काहीच साजरं करत नाहीत,
वाढदिवससुद्धा नाही, त्यांच्या श्रद्धेत बसत नाही ते.
त्याला घरी ठेवतील, फार्क्वारबाई म्हणाल्या, दरवर्षी ठेवतात.
पेन पुढच्या नावावर गेलं.
तेरा. मग पंधरा.

थांबा, म्हटलं मी.
जरा मोठ्यानंच निघालं ते.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी, टे नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात,
त्याच्या आईला विचारलं.
नाही जमणार, म्हणाली ती.
मग त्याच्या टोपीची गाठ दोनदा बांधली
आणि म्हणाली, आजवर विचारलं नव्हतं कुणी.
रूबेन माझ्या बुटांकडे बघत होता.
खुर्च्या मांडू का मी? बुधवारी?
बुधवारी काहीच नसतं ना.

बुधवारी त्यानं खुर्च्या मांडल्या.
जीभ बाहेर काढून, पावलानं अंतर मोजत.
एकवीस.
अरे, तू तर उद्या नाहीस, मी म्हटलं.
हो, पण विसांचा गोल नीट होत नाही, तो म्हणाला.
होतो खरं तर. मी काही बोलले नाही.

गुरुवारी गोंधळ व्हायचा तेवढा झालाच.
रस सांडला, मुसाब आला, नाव द्यायचं राहूनच गेलं.
त्या एका खुर्चीवर कुणीसं दप्तर टाकलं.
ब्रॉडीनं ते उचलून खाली ठेवलं.
घेतलीय ती, म्हणाला.