शून्य रुंदीचा सांधा

स्किप्टनच्या बसचं पान सहा भाषांत हवं होतं.
सातवी कुणी मागितली नव्हती,
तो माझा आगाऊपणा.
एअरडेलच्या इस्पितळात अकरा मराठी नर्सेस आहेत,
सुट्टीच्या दिवशी बहात्तर नंबर धरून डोंगरात जातात,
मला तेवढं कारण पुरलं.

मजकूर ओतला. कॅरोल "लव्हली" म्हणाली
(तिला त्यातलं एक अक्षर कळत नाही).
पान चढवलं, चहा ठेवला,
तोवर कराडहून कालिंदीमावशीचा फोन.
एकतीस वर्षं साप्ताहिकाची प्रुफं तपासली तिने,
अजून लग्नपत्रिका हातात आली की आधी पेन शोधते.
"अगं, यॉर्कशरला दर्या कधी आला?
तू तर म्हणालीस, नुसत्या मेंढ्या आणि दगडी बांध."

बघते तर खरंच.
मी लिहिलं होतं: यॉर्कशरच्या दऱ्या.
पानावर होतं: यॉर्कशरच्या दर्या.
रफार उडी मारून य च्या डोक्यावर बसला होता
आणि सगळी खोरी पाण्याखाली.
ग्रासिंग्टन बुडालं, बांध बुडाले,
बहात्तर नंबर डुलत डुलत
कुठल्याशा धक्क्याला लागत होती.
खाली आणखी पडझड: पायर्या, दुसर्या, वार्याचा वेग.

आधी फाँटवर संशय घेतला.
हल्ली सगळ्यांना एकच चाल आवडते,
गोल, गुळगुळीत, शिरोरेषा काडीएवढी,
एकाच फायलीत शंभरापासून नऊशेपर्यंत वजनं,
पट्टी सरकवली की अक्षर अंगाने भरतं.
पाऊण तास मी ती पट्टीच सरकवत बसले.
क्ष ला बाळसं येताना बघितलंय कधी?

मग सापडलं एक करडं, कुरूप यंत्र,
कुण्या भल्या माणसाने बनवून विसरलेलं.
शब्द टाकायचा, ते एकेक चिन्ह सुटं करून मांडतं,
न दिसणारीसुद्धा.
माझ्या दऱ्यांत निघालं:
र, हलन्त, शून्य रुंदीचा सांधा, य.
पानावरच्या दर्यात:
र, हलन्त, य.
आमच्याच सफाईच्या प्रोग्रॅमने झाडून टाकला होता सांधा.
रुंदी शून्य, म्हणजे त्याच्या लेखी केर.

गुरुवारी डेरेक हेन्सवर्थला सांगितलं.
ऑटलीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यात त्याची हयात गेली,
आता कालव्याकाठी बदकांवर खेकसतो.
तो हसला नाही.
तंबाखूच्या डबीतून तांब्याची एक पट्टी काढली,
अर्ध्या पॉइंटाची, नखाहून पातळ.
"ही छापली जात नाही," म्हणाला,
"पण काढून बघ. सगळी ओळ हलते.
नव्या पोराला आम्ही हीच आधी मोजायला लावायचो."
पट्टी माझ्या तळहातावर ठेवली
आणि लगेच परत घेतली.

दुरुस्ती दोन ओळींची.
जाता जाता पानाचं कपाळ वाचलं,
भाषा म्हणून कुणीतरी हिंदी नोंदवली होती.
दोन अक्षरं बदलली फक्त,
आणि त्याच फाँटमधून, इतके दिवस गप्प बसलेला
पाकळीचा ल उघडला,
श ला देठ आला.
एकटीच होते ऑफिसात.
मोठ्याने वाचलं: शाळा. लिंबू. कुशल. उशाला.
झाडूवाला इमॉन दारात थांबून म्हणाला, कुणाशी बोलतेस?

रविवारी मीही बहात्तर धरली.
लिंटनच्या वर उतरून मागे पाहिलं
तर खालच्या खोऱ्यात काठोकाठ धुकं,
त्यातून वर आलेलं एकच झाड, डोलकाठीसारखं.
मावशीला फोटो पाठवला.
उत्तर रात्री आलं:
"बरं. दर्या आहे म्हणायचा.
सातव्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय."